मदत हवी आहे: नॅरोबोटीच्या तळात पाणी साचतंय, कुठून येतंय ते कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या कालव्यांवर बोट असलेलं, किंवा जहाजांच्या कामात आयुष्य गेलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून उत्तर द्या. थंडी तोंडावर आली आहे आणि मला रात्री नीट झोप लागत नाहीये.

आधी बोटीबद्दल. १९९७ सालची पोलादी नॅरोबोट (इथल्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांबट बोट) आहे, ५० फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद. तळाचा पत्रा १० मिमी, बाजूंचा ६ आणि वरच्या केबिनचा ४. तीन वर्षांपूर्वी घेतली, तेव्हापासून मी आणि नवरा हिच्यातच राहतो. ग्रँड युनियन कालव्यावर, नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये गेटनच्या जवळ आमची कायमची जागा आहे आणि काठावरून विजेची जोडणी आहे.

आता झालं काय ते सांगते. मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली जमिनीत वीतभर रुंदीचं एक लाकडी झाकण आहे. ते दर महिन्याला उचलून आत बघ, असं जुन्या मालकाने बजावलं होतं. जुलैनंतर माझ्याकडून ते राहून गेलं. गेल्या शनिवारी झाकण काढून टॉर्च मारला तर खाली पाणी चमकलं. फूटपट्टी उभी धरली, ३ सेंटिमीटर. स्पंज आणि डबा घेऊन दुपारभर उपसलं, बादल्यांच्या हिशोबाने २२ लिटर निघालं. पाणी स्वच्छ, तळाशी गंजाची बारीक तांबूस माती. साबणाचा वास नाही, वर डिझेलचा तवंग नाही. कोरडं पुसून झाकण लावलं. चार दिवसांनी पाहिलं तर पुन्हा सेंटिमीटरभर.

बोट मागच्या बाजूला किंचित खाली बसलेली असते, त्यामुळे गळती पुढे नाळेपाशी असली तरी पाणी दिसणार ते शेवटच्या पायरीखालीच. म्हणूनच काही कळत नाहीये. मध्ये ४० फूट लाकडी जमीन आहे, तिच्याखाली वजनासाठी रचलेल्या सिमेंटच्या फरश्या आहेत आणि त्यांच्यावर आमचं अख्खं घर.

खिडक्या पाहिल्या, पावसाचे ओघळ नाहीत. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंब थेंब गळतं, पण ते ठरलेलंच असतं. ग्रीसची चावी पिळली की थांबतं. आणि इंजिनाच्या खोलीत नि केबिनमध्ये वेल्डिंग केलेली पोलादी भिंत आहे, तिथलं पाणी इकडे यायला नको.

खरी भीती पत्र्याची आहे. घेताना सर्व्हे केला तेव्हा बाजूचं सगळ्यात कमी माप ५.१ मिमी आलं होतं, तळाचं ८.७. म्हणजे वाईट नव्हतं; विमावाले सहसा ४ मिमीच्या खाली गेल्यावर कुरकुरतात. तेव्हाच बिट्युमेनचे (डांबरासारख्या काळ्या रंगाचे) दोन हात मारून घेतले. पण आता तिसरं वर्ष सरत आलंय आणि गेल्या वर्षापर्यंत आमच्या विजेच्या जोडणीला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (पत्रा झिजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) नव्हता, हे आम्हाला माहीतच नव्हतं. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी: काठावरच्या विजेच्या अर्थिंगच्या तारेने शेजारपाजारच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, पाण्यातून मंडल पूर्ण होतं, आणि बॅटरीच्या सेलमध्ये जस्त झिजतं तसं कुणाचं तरी धातू झिजायला लागतं. आधी मॅग्नेशियमचे अॅनोड (पत्र्याऐवजी झिजावेत म्हणून बाहेरून लावलेले ठोकळे) संपतात, मग पत्र्याची पाळी. दोन वर्षं आम्ही तशा जोडणीवर होतो.

माझे आजोबा खाडीवर होडी चालवायचे. मृगाच्या आत ती ओढून वर घ्यायचे, झापांनी शाकारून ठेवायचे, आणि शाकारण्याआधी पालथी करून तळ हाताने चाचपायचे, इंच न् इंच. ती सवय माझ्याही हातात आहे, पण साधारण १५ टनांच्या बोटीला मी पालथी कशी करणार?

तर प्रश्न असा, की पाणी आतलं आहे की कालव्याचं, हे बोट बाहेर न काढता ठरवता येतं का? आणि पत्र्याला भोक पडलं असण्याची शक्यता असेल तर वसंतापर्यंत थांबणं धोक्याचं आहे का? नोव्हेंबर ते मार्च कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट (कालव्यांची देखभाल करणारी संस्था) दुरुस्तीसाठी ठिकठिकाणची लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) बंद ठेवतो. आमच्या एका अंगाला स्टोक ब्रुअर्नची सात लॉक, दुसऱ्या अंगाला बकबीची सात. मधल्या पट्ट्यातल्या एका बोटदुरुस्तीच्या यार्डाला फोन केला, तर बोट उचलायला क्रेन फेब्रुवारीआधी मिळणार नाही म्हणाले.

प्रतिसाद १

ताई, आधी घाबरणं थांबवा. आम्ही केनेट अँड एव्हन कालव्यावर नऊ वर्षं आहोत, आणि केबिनच्या तळात पाणी सापडलं की बहुतेक वेळा ते नळाचंच असतं. तुम्हीच लिहिलंय की पाणी स्वच्छ आहे. कालव्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन शेजारी ठेवा, गढूळपणा लगेच कळेल.

दुसरं म्हणजे, चार दिवसांत परत आलेलं सेंटिमीटरभर पाणी ही नवी गळती असेलच असं नाही. फरश्यांच्या खाली आणि तळाच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या मागे अडकलेलं पाणी हळूहळू झिरपून मागे येत राहतं. आमच्याकडे गळती बंद केल्यावरसुद्धा जवळजवळ महिनाभर रोज उपसत होतो.

एक सोपी चाचणी आज रात्रीच करा. सगळे नळ घट्ट बंद करा, पाण्याचा पंप चालू ठेवा आणि कान देऊन ऐका. कुणी पाणी वापरत नसताना पंप दोन सेकंद जरी घुरघुरला, तर दाबाखालच्या नळीत कुठेतरी गळती आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ओलाव्याला विसरू नका. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच बोटींच्या भिंतींत थर्माकोलचे तक्ते आहेत आणि तळाला तर काहीच नाही. तळाचा पत्रा कालव्याइतकाच थंड, वर दोन माणसांचा श्वास, अंघोळ, वाळत घातलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या. शिवाय गॅस स्वतः पाणी तयार करतो: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. १३ किलोचं सिलिंडर संपलं म्हणजे २१ लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघरातून हवेत गेलं. ते सगळं तळात जात नाही, पण थोडं तरी जातंच. भात-वरण शिजताना छतावरचे मशरूम व्हेंट (हवा खेळण्याची झाकणवाली भोकं) उघडे असतात ना? थंडी वाजते म्हणून ते कापडाने बुजवणारे लोक मी पाहिलेत. कृपया तसं करू नका. कोळशाची शेगडी आणि गॅस एका खोलीत असताना ते जीवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना, तेही बटण दाबून बघा.

प्रतिसाद ३

मी बोटीवर कधी राहिलो नाही, मुंबईत गोदीत २६ वर्षं जहाजांच्या पत्र्याचं काम केलं. तेवढ्यापुरतं बोलतो.

५.१ आणि ८.७ हे आकडे चांगले आहेत, पण अल्ट्रासॉनिक मापन ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवर होतं. दोन बिंदूंच्या मध्ये एखादा खोल खड्डा असला तर तो सुटू शकतो. तुमच्या बाबतीत मला बाहेरच्यापेक्षा आतल्या बाजूची काळजी जास्त वाटते. महिनोन् महिने पाणी साचलेला तळ आतून गंजतो आणि त्याला ना बिट्युमेन, ना अॅनोड. त्यामुळे पाणी नळाचं निघालं तरी "मग ठीक आहे" म्हणून सोडू नका.

जिथे हात पोचतो तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. पापुद्रे निघाले तर ते बघून घाबरू नका, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जाड दिसतो. खाली पत्रा टणक लागतो का ते महत्त्वाचं. मात्र पाण्यात असलेल्या बोटीच्या तळावर आतून हातोडी मारत बसू नका. ठोकून बघायचं ते बोट बाहेर काढल्यावर.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री फ्रिज बंद केला, शेगडीतला कोळसा विझू दिला आणि दोघं अंधारात बसून राहिलो. पावणेबारा वाजता पंप घुरघुरला, मोजून दोन सेकंद. मग साडेबाराच्या सुमारास परत. नळ सगळे बंद होते!

म्हणजे नळीतच गळती. पण कुठे? पाण्याची नळी नाळेतल्या टाकीपासून मागच्या गरम पाण्याच्या टाकीपर्यंत सगळी बोट ओलांडून जाते, आणि बरीचशी फळ्यांच्या मागून.

प्रतिसाद १

फळ्या उचकटू नका अजून. स्वयंपाकघरातला कागदी रुमालाचा रोल घ्या, तुकडे करून हात पोचेल त्या प्रत्येक जोडाखाली ठेवा: सिंकखाली, शॉवरच्या मागे, पंपाखाली, गरम पाण्याच्या टाकीच्या चारही बाजूंना. कागद एक थेंबही लपवत नाही. एकदा इंजिन बंद असताना बघा आणि एकदा तास-दीड तास चालवून. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इंजिनाच्या उष्णतेने टाकीतलं पाणी तापतं आणि तापलं की फुगतं.

धागाकर्ती

सापडलं!

इंजिन बंद असताना बाकी सगळे कागद कोरडे, टाकीखालच्या एकाच तुकड्यावर नखाएवढा ओला ठिपका. इंजिन दीड तास चालवलं आणि परत पाहिलं तर त्याच कागदाचा लगदा झाला होता. टाकीवर दाब सोडणारा एक वॉल्व्ह आहे, लाल टोपीचा. त्याची तोटी कुठल्याच नळीला जोडलेली नाही, सरळ खाली तळात उघडी सोडलेली आहे. पाणी गरम झालं की तिथून धार लागते, आणि गार झाल्यावरही थेंब सुरूच राहतात. इथलं पाणी जड, वॉल्व्हच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा थर जमलाय, त्यामुळे तो पूर्ण मिटत नसावा. ही टाकी आमच्या आधी कुणीतरी बसवली आहे. एक मीटर नळी लावून बाहेर काढायला त्या माणसाला काय हरकत होती, कळत नाही.

उद्या नवा वॉल्व्ह आणते. तेवढ्याने भागेल का?

प्रतिसाद १

भागणार नाही, थोडं थांबा. तापल्यावर धार लागते याचा अर्थ फुगलेल्या पाण्याला जायला जागा नाही. गरम पाण्याच्या नळीवर एक छोटा गोल डबा असेल, एक्सपान्शन व्हेसल म्हणतात. त्याच्या आत रबरी पडदा असतो, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. डब्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह आहे. त्याची पिन नखाने दाबा. हवा आली तर पंपाने दाब भरून भागेल. पाणी आलं तर पडदा फाटलाय, डबा बदला. नाहीतर नवा वॉल्व्हही रोज उघडेल आणि वर्षभरात गळायला लागेल.

धागाकर्ती

पिन दाबली आणि मनगटावर पाणी उडालं. डबा गेला आहे. डबा आणि वॉल्व्ह दोन्ही बदलते, आणि वॉल्व्हची तोटी नळीने एका बरणीत सोडते, म्हणजे पुढच्या वेळी पाणी डोळ्यांसमोर जमेल.

गोदीतल्या दादांचं बोलणं मनात राहिलं. काल दिवाणाखालच्या दोन फळ्या काढून चार फरश्या उचलल्या. खालचा पत्रा ओला, तांबडा, पण ब्रश मारल्यावर खाली टणक आणि काळसर लागला. फरश्यांच्या खाली बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे तुकडे ठेवले, हवा खेळावी म्हणून. आता रोज एक रांग अशी उचलणार आहे.

यार्डात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं नाव नोंदवलंय. बिट्युमेन की टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग), यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. पैशांत बराच फरक आहे.

प्रतिसाद ३

ताई, जुन्या बिट्युमेनवर इपॉक्सी धरत नाही. आधी ग्रिट ब्लास्टिंग (खरखरीत कणांचा जोरदार मारा) करून पत्रा उघडा पाडावा लागतो. तो खर्च यार्डाने धरलाय का, ते आधी विचारा. तो करणार असाल तर इपॉक्सी घ्या, जास्त वर्षं टिकतो. नसाल तर बिट्युमेनच चांगला, पण दर दोन-तीन वर्षांनी न चुकता.

आणि रंगाऱ्याला अॅनोड झाकून घ्यायला सांगा. अॅनोडवर रंग चढला की तो काही कामाचा राहत नाही. पत्रा धुऊन झाला की रंगाआधी सर्व्हेअरला बोलवा. दिवाणाखालची जी जागा तुम्ही साफ केलीत तिथे बरोबर खाली, बाहेरून खडूने चौकोन आखून दाट मापं घ्यायला लावा. आतून कुठल्या पट्ट्यात किती पाणी साचलं होतं ते आजच कागदावर काढून ठेवा, फेब्रुवारीपर्यंत लक्षात राहणार नाही.