‘स्केप्टिक’ला मराठीत काय म्हणावं?

सोनेगावकर: आमच्या वाचनालयासाठी हवामान बदलावर छोटी पुस्तिका करतोय, भाषांतर माझ्याकडे आहे. ‘क्लायमेट स्केप्टिक’ला, म्हणजे माणसामुळे हवामान बदलतंय हे न मानणाऱ्याला, मी ‘हवामान-संशयवादी’ लिहिलं. मुद्रितं तपासणारे काकाजी अडून बसले. म्हणाले, शंका घेणं हा तर विज्ञानाचा धर्म, तो शब्द तू न मानणाऱ्यांना कसा देतोस?

दुपारची सावली: काकाजींचं बरोबर आहे. 2024चा मे आठवा. नवतपा सुरू होता आणि आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तापमान दिसलं 56 अंश! आमच्या घरच्या ग्रुपवर तो आकडा दिवसभर फिरला, मीही पुढे पाठवला. सेन्सर बिघडलाय, हे सांगितलं हवामान खात्यानंच. इथला उच्चांक 47.9, तो 2013चा. अशी शंका घेणाऱ्याला मी ‘चिकित्सक’ म्हणेन.

महालवाला: चिकित्सक नको बाप्पा. माझी आई मेथीची जुडी सोडून बघायची, तर भाजीवाली म्हणे, “बाई लय चिकित्सक हाये.” आमच्याकडे तो दोषच. शिवाय संस्कृतात चिकित्सक म्हणजे वैद्य.

दुपारची सावली: पण जुडी चांगली निघाली की आई घ्यायची ना? माझं म्हणणं तेच आहे. ‘सूर्यामुळे तापतंय’ म्हणणाऱ्याचंही ऐकू, तपासू. सूर्यामुळे असतं तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत 1958पासून हवेतला, उष्णता अडवून धरणारा कर्बवायू मोजतात. तेव्हा दशलक्ष भागांत 315 होता, आता 420च्या वर. हे सगळं दाखवल्यावरही पुन्हा तेच वाक्य, आणि वर ‘मन मोकळं ठेवा’ हा सल्ला आपल्यालाच! याला संशय म्हणू नका.

शुद्धमती: ‘सेन्सर’ला ‘संवेदक’ आहे, तो वापरा. आणि मुळात ‘हवामान बदल’च चूक. हवामान रोजच बदलतं. राज्य सरकारच्या विभागाचं नावही ‘पर्यावरण व वातावरणीय बदल’ आहे.

महालवाला: वातावरण तर निवडणुकीतही तापतं, ताई. काटोलचे माझे मामा संत्र्याच्या बागेत उभे राहून म्हणतात, “हवामान पालटलं, मृगाचा भरवसा नाही राहिला.” त्यांना कोणता शब्द शिकवणार?

शुद्धमती: मामांना नाही शिकवायचं. पण छापताना वेदर आणि क्लायमेट एकाच शब्दात कोंबले, तर डिसेंबरातल्या एका गारठ्यावर लोक म्हणणारच, कुठे आहे तापमानवाढ? आणि ‘हवा’ अरबी, ‘मान’ संस्कृत, तो जोडही मला खटकतो.

महालवाला: चारचौघांच्या तोंडी रुळलाय, आणखी काय पाहिजे?

सोनेगावकर: पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो. ‘नाकारणारे’ लिहू का? पण माझ्या वडिलांनी यातलं काही वाचलेलंच नाही. ते एवढंच म्हणतात, “मले पटलं नाही अजून.” तो शब्द दिसला तर ते पहिल्याच पानावर पुस्तिका मिटतील.

दुपारची सावली: ‘अजून’ म्हणतात ना? मग त्यांना ‘साशंक’ लिही. ‘नाकारणारे’ त्यांच्यासाठी नाहीच.

महालवाला: आणि दोघं एकाच वाक्यात आले तर, सावलीताई?