मदत हवी आहे : घरी ठेवलेली तूर आणि कडबा हिशोबात कसा धरायचा?

नमस्कार. मी नागपुरात कृषिविद्येत एम.एस्सी. करते आहे. पावसात खंड पडला तर कोरडवाहू कपाशीतली आंतरपिकं घराला कितपत तारतात, हा प्रबंधाचा विषय. वावरं काटोल आणि उमरेड तालुक्यांतली आहेत.

काही शेतकरी अजून 6:1:2:1 ने पेरतात : सहा तास (ओळी) कपाशी, एक ज्वारी, दोन तूर, परत एक ज्वारी. बऱ्याच जणांनी ज्वारी सोडली, कारण रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक हाती लागू देत नाहीत. तूर मात्र सगळ्यांकडे आहे. तिचं मूळ खोल जातं, त्यामुळे कपाशी सुकायला लागली तरी ती तग धरते.

अडलंय मोजणीत. भूमी समतुल्य गुणोत्तर (आंतरपिकांतून मिळालेलं उत्पादन निव्वळ पिकांतून घ्यायला किती पट जमीन लागेल, तो आकडा) काढायचं तर त्याच जमिनीत निव्वळ कपाशी, निव्वळ तूर, निव्वळ ज्वारीचे तुकडे हवेत. इथे बांधाच्या अलीकडे भारी काळी, पलीकडे बरड! म्हणून कपाशी समतुल्य उत्पादन घेतलं, म्हणजे तुरीचं उत्पादन गुणिले तिचा भाव, भागिले कापसाचा भाव. पण यात वावरात काहीच न बदलता नुसत्या भावाने निकाल फिरतो.

त्याहून मोठा प्रश्न घरच्या डाळीचा. मार्गदर्शक म्हणतात, सगळी तूर बाजार समितीच्या भावाने धर. मला ते पटत नाही. क्विंटलभर तुरीची साधारण 70 किलो डाळ होते, आणि ती घरात नसती तर घरच्या बाईला दुकानाच्या भावाने आणावी लागली असती. कापूस बुडाल्या वर्षी घरात वरण शिजतं ते याच तुरीवर. माझ्या आकड्यांत नेमकं तेच दिसत नाही. घरी ठेवलेली तूर भरडाई वजा करून डाळीच्या किरकोळ भावाने धरली, तर परीक्षक मान्य करतील का? कोणी असं केलं आहे का?

कडब्याचंही सांगा. पेंढ्या मोजता येतात, पण वाळेल तसं वजन उतरतं. वजन सोंगणीच्या दिवशी घ्यावं की गंजी रचताना?

डिसेंबरात तुरीची सोंगणी सुरू होईल, त्याआधी घरोघरी द्यायची नोंदवही छापायची आहे. धान्य बहुतेक घरांत बायाच काढतात, तेव्हा त्यांना भरता येईल असा सोपा नमुना कोणाकडे असेल तर फोटो टाका.