क्रीम सॉसमधले स्वीडिश मीटबॉल: आलं-लसूण कशाला?

लिंगोनप्रेमी (उप्साला)

नऊ वर्षं इथे स्वीडनमध्ये राहतेय. हल्ली मराठी घरांत जेवायला बोलावलं की 'आज स्वीडिश बेत' असतो, म्हणजे शतबुल्लार. शत म्हणजे मांस, बुल्लार म्हणजे गोळे. आणि दर वेळी पहिल्याच घासाला आलं, लसूण, गरम मसाला आणि कोथिंबीर लागते. कोफ्ते म्हणून वाढा, मी मागून घेऊन खाईन. पण मग त्यावर क्रीमचा सॉस ओतून बाजूला लिंगोनचा, म्हणजे इथल्या आंबट-तुरट लाल रानफळाचा, जॅम ठेवू नका. त्यात दोन्ही पदार्थ वाया जातात.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला शिकवले तसे सांगते. अर्धा किलो ब्लांडफार्श, म्हणजे गाय आणि डुक्कर निम्मे-निम्मे असा खिमा. पाऊण डेसिलिटर (डेसिलिटर म्हणजे 100 मिली) ब्रेडचा चुरा दीड डेसिलिटर दुधात दहा मिनिटं भिजवायचा, अगदी लापशी होईपर्यंत. ही पायरी गाळू नका, गोळा मऊ राहतो तो त्या चुऱ्याने धरून ठेवलेल्या दुधामुळे. लोण्यात परतलेला बारीक कांदा, एक अंडं, मीठ, पांढरी मिरी, चिमूटभर ऑलस्पाइस (लवंग-जायफळासारख्या वासाची, मिरीसारखी दिसणारी सुकी फळं). मसाला एवढाच.

आता सॉस. तव्यात लोणी घातलं की आधी फेसाळतं, तडतडतं, मग एकदम शांत होतं आणि भाजलेल्या दाण्यांसारखा वास सुटतो. त्या क्षणी गोळे टाकायचे, थोडे थोडे, आणि तवा हलवत राहायचं म्हणजे ते लोळत सगळीकडून तांबूस होतात. ते काढले की तळाला खरपूड राहते. त्यातच चमचाभर मैदा परतायचा, तीन डेसिलिटर स्टॉक घालून उलथन्याने ती खरपूड सोडवायची, मग दोन डेसिलिटर क्रीम आणि थोडा सोया सॉस. सॉसला रंग आणि चव त्या खरपुडीची असते. आल्या-लसणाची पेस्ट असली की ती तळाला लागून करपते आणि सॉस कडू होतो. माझा राग मुख्यतः यावर आहे.

खिमाकोफ्ता (स्टॉकहोम)

ताई, कृती उत्तम, पण हट्ट पटला नाही. एप्रिल 2018 मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच जाहीर केलं की बाराव्या कार्ल राजाने तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवर हे मीटबॉल बेतलेले आहेत. म्हणजे मूळ कोफ्त्याचंच. मग आमच्या आल्या-लसणाने काय घोडं मारलं?

आणि स्वीडिश लोक तरी रोज कुठे सॉस करतात? माझ्या मुलीच्या मैत्रिणीकडे मंगळवारी संध्याकाळी पाकिटातले गोळे, उकडलेली मॅकरोनी आणि केचप. त्या घरात कोणालाही ते कमी स्वीडिश वाटत नाही. मग शुद्धतेचा भार आपल्याच डोक्यावर का?

लिंगोनप्रेमी

दादा, ट्विटवर इतिहास ठरत नाही. पोल्तावाच्या लढाईत रशियाकडून हरल्यावर कार्ल 1709 ते 1714 ऑटोमन मुलखात होता, मुख्यतः बेंदेरला (आजच्या मोल्दोव्हात), हे खरं. कोबीच्या पानात खिमा भरून करतात ते कोल्डोल्मार त्या वाटेने आले असं म्हणायला जागा आहे, नावातच तुर्की 'डोलमा' (सारण भरलेला पदार्थ) आहे. खिम्याचे गोळे मात्र सगळ्या युरोपात होते. काइसा वार्ग या स्वीडिश लेखिकेच्या 1755 च्या पाककृतींच्या पुस्तकातही ते आहेत, पण म्हणून ते राजाने आणले असं सिद्ध होत नाही.

मॅकरोनी-केचप मला मान्य आहे. मुलांचं जेवण आहे ते, त्यात क्रीमच नाही. मी क्रीम सॉसबद्दल बोलतेय.

तुर्भ्याजवळचा

इथे महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे आणि आमच्या घरात डुक्कर चालत नाही. म्हणून मी चिकनचा खिमा घेतो. पहिल्यांदा केले तेव्हा गोळे खोडरबरासारखे झाले होते. आता खाटकाकडून लेगचाच खिमा करून घेतो, दूध थोडं वाढवतो, दोन चमचे लोणी आतच घालतो. मऊ होतात.

आणि लसणाबद्दल: एप्रिल 2020 मध्ये, सगळे घरात अडकले होते तेव्हा, खुद्द आयकियाने (ती स्वीडिश फर्निचर कंपनी, जिच्या दुकानांतले मीटबॉल प्रसिद्ध आहेत) आपली घरगुती कृती दिली होती. त्यात गोळ्यांमध्ये लसूण आहे आणि सॉसमध्ये चमचाभर दिजाँ मोहरी (फ्रेंच पद्धतीची वाटलेली मोहरी). त्यांना चालतं ते आम्हाला का नाही? चिकन मुळात मिळमिळीत, त्याला एक पाकळी लागतेच.

लिंगोनप्रेमी

एक पाकळी किसून घातलेली चालेल, तेवढा हट्ट मागे घेते. चिकनला तर नक्कीच. पेस्ट आणि गरम मसाला नको, यावर ठाम आहे.

म्हापशेंकर

गोव्यात डुक्कर आणि बीफ दोन्ही मिळतं, पण ऑलस्पाइस मिळत नाही. दुकानात मागितलं की कबाबचिनी देतात. ती वेगळी, चव कडवट. फसू नका. त्यापेक्षा लवंग एक, काळी मिरी चार-पाच आणि जायफळ किंचित, असं कुटून घाला, वास जवळपास तोच येतो.

क्रीम इथलं पाकिटातलं 25 टक्के स्निग्धांशाचं. मंद आचेवर शेवटी घाला, खळखळ उकळू नका.

लिंगोनऐवजी मी करवंदं वापरतो. मे महिन्यात काळी झालेली करवंदं बिया काढून, निम्म्या वजनाच्या साखरेत चिरडून फ्रिजमध्ये ठेवायची. आंबट, थोडी तुरट. तिकडे लिंगोनही न शिजवता नुसते साखरेत ढवळतात ना?

लिंगोनप्रेमी

हो, रोरोर्दा लिंगोन. त्या फळात मुळातच बेन्झोइक ॲसिड असतं, म्हणून न शिजवता महिनोन्‌महिने टिकतं. करवंदांचं तसं होणार नाही, आठवड्यात संपवा. पण तुरटपणा म्हणालात ते अगदी नेमकं. स्ट्रॉबेरी जॅम ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. क्रीमचा जडपणा तुरटपणानेच कापला जातो, गोडाने तो वाढतो.

खिमाकोफ्ता

काल रात्री तुमच्या पद्धतीने केले. भिजवलेल्या चुऱ्याने खूप फरक पडतो, आणि तव्यातला सॉस ओव्हनच्या गोळ्यांवरच्या सॉसपेक्षा कितीतरी चांगला, हे मान्य. पण अर्ध्या गोळ्यांत मी आलं घातलं होतं, नुसतं किसून, पेस्ट नाही. करपलं नाही. आईने तेच आधी संपवले. मी घालणार.

लिंगोनप्रेमी

आई आलेल्या असतील तर घाला. माझ्या ताटात मात्र बिनआल्याचे.