कर शून्य, कागद तेवढेच

वसुधाआत्या: निखिल, अमेरिकेत बंदुकीचं सायलेन्सर सगळ्यांना खुलं केलं, असा मेसेज फिरतोय. खरंय का रे? असलं काही कुणी खुलं करतं का?

निखिल (डॅलस): अर्धाच खरा आहे आत्या. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. त्या काळी ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हायचे. पण आकडा कधी वाढवलाच नाही, त्यामुळे महागाईनेच तो किरकोळ करून टाकला. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या त्या भल्यामोठ्या बजेट बिलात तो शून्यावर आणला, १ जानेवारी २०२६ पासून. मशीनगनवर अजून २०० आहेतच. आणि सायलेन्सरची नोंदणी जशीच्या तशी.

केदार (एडिसन): खरा डाव नोंदणीच उडवायचा होता. मे २०२५ मध्ये हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, २१५-२१४ ने जे बिल काढलं, त्यात सायलेन्सर त्या कायद्याच्या पूर्ण बाहेर होतं. वरच्या सभागृहाच्या, सिनेटच्या, पार्लमेंटेरियनबाई (नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी) आडव्या आल्या. साध्या बहुमतावर निघणाऱ्या बजेट बिलात फक्त सरकारी जमाखर्चाच्या तरतुदी चालतात, नोंदणी त्यात बसत नाही. म्हणून कर गेला, कागद राहिले.

वसुधाआत्या: म्हणजे दुकानात जाऊन लगेच मिळत नाही?

निखिल: नाही. परवानाधारक डीलरकडे पैसे भरायचे, मग फॉर्म ४ म्हणजे नावावर करून घ्यायचा अर्ज, बोटांचे ठसे, २ बाय २ इंचाचा फोटो, एक प्रत स्थानिक पोलिस प्रमुखाला. एटीएफची, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची, मंजुरी येईपर्यंत वस्तू डीलरच्याच ताब्यात. घेऊन जाताना आणखी एक, बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३. पूर्वी आठ-दहा महिने लागायचे, २०२४ पासून ऑनलाइन अर्ज कधीकधी काही दिवसांत निघायला लागले.

मृणालवहिनी: नोंदणी उडवायच्या मागणीच्या बिलाचं नाव ‘हिअरिंग प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’. नाव जाहिरातीसारखं आहे, पण मुद्दा खोटा नाही. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास. सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतं. अशा क्षणिक धमाक्यासाठी धोक्याची रेषा १४० मानतात, म्हणजे जेमतेम खाली आलो. दिवसभर सराव केला तर तेवढ्यानेही कान जातात, कारण कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. माझ्या मते इअरमफला पर्याय नाही. दोन्ही वापरलं तर उत्तम.

शिरीषकाका: वसू, सिनेमातलं ते ‘फुस्स’ डोक्यातून काढ. नळीतून सुटणारा तापलेला वायू आतल्या पडद्यांमध्ये अडवून, थंड करून, सावकाश सोडायचा, एवढंच त्याचं काम. गोळी ध्वनीपेक्षा वेगात, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या वर गेली, की तिचा स्वतःचा कडाका वाटभर ऐकू येतो. त्याला सायलेन्सर काही करू शकत नाही. शिवाय त्रास आहेतच. वायू उलटा चेहऱ्यावर येतो, नळीचं तोंड जड होतं, भराभर गोळ्या झाडल्या तर हात लावला की फोड येतो. आटे ढिले झाले तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि नळकांडं फाटतं. पेटंट १९०९ चं, हायरम पर्सी मॅक्सिमचं. बापाने मशीनगन काढली, पोराने आवाज दाबला!

वसुधाआत्या: मग एवढा विरोध कशाला?

केदार: कारण आवाज ओळखू आला नाही तर माणसं पळत नाहीत. व्हर्जिनिया बीच शहरातला गोळीबार, ३१ मे २०१९, १२ ठार, पिस्तुलाला सायलेन्सर. आतल्या काहींना तो खिळे ठोकायच्या मशीनचा आवाज वाटला होता. २०१७ मध्ये असंच बिल पुढे सरकलं होतं, लास व्हेगासच्या गोळीबारानंतर गुंडाळून ठेवलं.

निखिल: उलट बाजूने २०१७ ची एटीएफच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याची टिपणी पुढे करतात. तेव्हा नोंदलेली सायलेन्सर १३ लाख, गुन्ह्यांत वापर क्वचित. गंमत म्हणजे तीच ओळ दोघंही वापरतात. एक म्हणतो, ‘मग नोंदणी हवी कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘नोंदणी आहे म्हणूनच क्वचित.’ मला दुसरं जास्त पटतं.

मृणालवहिनी: नॉर्वे, फ्रान्समध्ये शिकारी सर्रास वापरतात हेही सांगतात. पण तिथे मुळात बंदुकीचाच परवाना कडक आहे, हे सांगायला सोयीस्करपणे विसरतात.

केदार: आता भांडण कोर्टात आहे. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने १९३४ चा तो कायदा ‘कर’ म्हणून टिकवला होता. करच शून्य, तर नोंदणी कशाच्या आधारावर? याच मुद्द्यावर दावे दाखल झालेत.

वसुधाआत्या: आपला ओंकार तिकडे मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जातो म्हणाला. एच-१बी वर आहे.

केदार: मग त्याला नीट सांगा. संघीय कायद्यात सायलेन्सर हे स्वतःच ‘फायरआर्म’ आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी बंदूक किंवा गोळ्या बाळगणं गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकार परवाना वगैरे मोजकेच अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय धरून आठ राज्यांत सामान्य माणसाला सायलेन्सर बंदच आहे, कर शून्य असो वा नसो.

निखिल: आणि ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ नावाने बंदूक साफ करायचे म्हणून जे स्वस्त किट ऑनलाइन विकतात, ते चुकूनही मागवायचे नाहीत. एटीएफ त्यातले बरेच सायलेन्सरच धरते. नोंदणीशिवाय सापडलं तर १० वर्षांपर्यंत तुरुंग.

शिरीषकाका: इकडेही तेच. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं उपकरण ‘फायरआर्म’च्या व्याख्येतच आहे. आठवण म्हणून बॅगेत टाकून आणायचा विषयच नाही.

वसुधाआत्या: केदार, शिकार परवान्याचं तूच त्याच्याशी बोल. मी सांगितलं की नुसतं ‘हो हो’ म्हणतो.