१ टक्का ऑक्सिजनवर ठेवूनही सिहा पेशी रेडिएशनला तितक्याच मरतात. चूक कुठे?

पेट्रीडिश:
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सिहा पेशी २४ तास १ टक्का ऑक्सिजनवर ठेवल्या. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखायची चाचणी) एचआयएफ-१ अल्फाचा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साचणाऱ्या प्रथिनाचा, पट्टा ठळक येतो. मग प्लेट्स बाहेर काढून २, ४, ६ ग्रे (रेडिएशन डोसचं एकक) डोस दिला आणि जगलेल्या पेशींपासून वाढलेल्या कॉलन्या मोजल्या. साध्या इन्क्युबेटरमधल्या पेशींच्या तुलनेत फरक जवळपास नाही. ऑक्सिजन नसेल तर अडीच-तीनपट डोस लागतो असं वाचलंय. वाढही फारशी मंदावलेली दिसत नाही. जाणकारांनी सांगावं.

किरणमात्रा:
प्लेट बाहेर काढलीत तिथेच प्रयोग हातचा गेला. रेडिएशनमुळे डीएनएवर जो मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतो त्याला ऑक्सिजन चिकटला की इजा पक्की होते. ऑक्सिजन नसेल तर ग्लुटाथायोनसारखे थायॉल (पेशीतली गंधकयुक्त संयुगं) हायड्रोजन देऊन ती मिटवतात. ही शर्यत मिलिसेकंदांत संपते. त्यामुळे आधीच्या २४ तासांत काय होतं यापेक्षा किरण पडत असताना पेशीजवळ किती ऑक्सिजन आहे, हे महत्त्वाचं. मीडियमचा थर २ मिमी असेल तर हवेतला ऑक्सिजन काही मिनिटांत तळाशी पोचतो.

शिवाय १ टक्का पुरेसा कमी नाही. तो साधारण ७ मिमी पारा होतो. संवेदनशीलता अर्ध्या वाटेवर उतरते ती सुमारे ३ मिमी पाऱ्याला. ७ वर ती अजून पूर्ण ऑक्सिजनच्या ८० टक्क्यांच्या आसपास असते. एचआयएफचं गणित वेगळं. हेला पेशींत (याही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) त्याची पातळी १.५ ते २ टक्क्यांनाच कमाल वाढीच्या निम्म्यावर पोचते. म्हणून ठळक पट्टा दिसला म्हणजे पेशी रेडिएशनला दाद देणार नाहीत असं होत नाही. ०.१ टक्क्याच्या खाली जा, जमल्यास ०.०२ पर्यंत.

काचेचीबशी:
त्यात प्लास्टिक आडवं येतं. पॉलिस्टायरीनमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि तो तासन्‌तास मीडियममध्ये झिरपत राहतो. ०.१ च्या खाली काम करायचं तर काचेच्या बशा घ्या, किंवा प्लास्टिकची भांडी आणि मीडियम आदल्या दिवशीच कमी ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवा. मीडियमचा थर पातळ हवा. डोस देताना हवाबंद डबा वापरा, आत ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत वाहू द्या. डब्याच्या झाकणाने डोस किती कमी होतो ते आधी मोजून घ्या. हे राहिलं तर आलेख खोटाच फरक दाखवतो.

एचआयएफच्या नमुन्याचं लायसिस (पेशी फोडणं) चेंबरच्या आतच करा. ऑक्सिजन मिळाला की हे प्रथिन काही मिनिटांत निम्मं होतं.

पेट्रीडिश:
मग डोस कोणते घ्यायचे? आणि वाढीचं काय?

किरणमात्रा:
हवेतल्या पेशींना ०, २, ४, ६, ८ ग्रे असेल तर ऑक्सिजनविरहित पेशींना ०, ५, १०, १५, २० ग्रे. २ ते ६ मध्येच राहिलात तर ऑक्सिजन नसलेल्या पेशींचा वक्र (डोसनुसार किती जगल्या त्याचा आलेख) नीट वाकलेला दिसत नाही. डोस झाल्यावर लगेच ट्रिप्सिन (बशीला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) देऊन साध्या इन्क्युबेटरमध्ये पेरा, १० ते १४ दिवसांनी ५० पेशींच्या वरच्या कॉलन्या मोजा. चेंबरमध्ये राहिलेल्या पण डोस न दिलेल्या पेशींची पेरणी-क्षमता (पेरलेल्यांपैकी किती पेशी कॉलनी करतात ते प्रमाण) वेगळी काढा आणि त्यानेच भागा. नुसता ऑक्सिजन कमी पडूनही काही पेशी कॉलनी करत नाहीत, त्या मरणाचा हिशेब रेडिएशनच्या नावावर जाता कामा नये.

वाढीबद्दल: १ टक्क्याला बऱ्याच कॅन्सर पेशी जवळजवळ नेहमीच्या गतीने वाढतात, त्यामुळे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ०.०२ च्या आसपास रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला (डीएनएचे घटक बनवणारं एन्झाइम) ऑक्सिजन पुरत नाही, डीएनएचे घटक आटतात आणि एस टप्पा (पेशीचक्रात डीएनएची प्रत बनते तो) थबकतो. म्हणून आधी ४ ते ६ तासांचा प्रयोग करा. दिवसभर ठेवलंत तर पेशीचक्र बदलतं, आरएडी५१ हे दुरुस्तीचं प्रथिन कमी होतं, डीएनएची दुरुस्ती ढिली पडते, आणि अशा पेशी नव्याने ऑक्सिजन तुटलेल्या पेशींपेक्षा रेडिएशनला जास्त मरू शकतात. दोन्ही अवधी शेजारी ठेवून करा, एकाच दिवशी, एकाच पॅसेजवर (पेशी नव्या बशीत हलवण्याची तीच फेरी).