'डेडलॉक': घोडे नाहीत, मग वेस्टर्न कसा?

प्रश्न: काल रात्री दिग्दर्शक रोलंड क्लिकचा 'डेडलॉक' (१९७०) पाहिला. पश्चिम जर्मनीचा सिनेमा. ओसाड खाणवस्ती, पैशांनी भरलेली सुटकेस आणि तिच्यावर टपलेले तिघे. घोडा नाही, शेरीफ नाही. याला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, का म्हणतात? मला तर उन्हानेच डोकेदुखी झाली.

प्रतिसाद १: सुरुवात परत बघा. किड नावाचा जखमी गुंड वाळवंटात निपचित पडलाय, जवळ सुटकेस. मारिओ अडॉर्फने रंगवलेला डम्प पैसे पटकन लांबवतो, पण माणसाला संपवायची वेळ आली की कच खातो. हाव आहे, छाती नाही! मग तिसरा, सनशाइन, येतो आणि कोण कुणाला कधी उडवेल याचा भरवसा उरत नाही. बंदूक, वाळवंट, लूट... अजून काय हवं? घोडे चित्रपटगृहाबाहेर बांधलेत असं समजा.

प्रतिसाद २: हाच अडॉर्फ १९६३च्या 'विनेटू' या जर्मन वेस्टर्नमध्ये सोन्यासाठी खून पाडणारा सँटर होता. विनेटूचे सिनेमे युगोस्लाव्हियात, हिरव्या डोंगरांत काढलेले. 'डेडलॉक'चं चित्रीकरण इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात झालं. तिथे लपायला झुडूपसुद्धा नाही.

प्रतिसाद ३: अवांतर: संगीत 'कॅन' या कलोनच्या बँडचं आहे. त्याच वर्षीच्या त्यांच्या 'साउंडट्रॅक्स' अल्बमवर यातले तुकडे मिळतील. हेडफोन लावून ऐका.

मूळ प्रश्नकर्ता: बरं, घोड्यांचा हट्ट सोडला. डम्पचा तो घामेजलेला चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीये. आज परत लावतो, पडदे ओढून.