शब्दचर्चा : पोपने राजाला 'धर्मभ्रष्ट' केले, 'बहिष्कृत' केले की 'वाळीत टाकले'?

प्रश्न : अकरावीच्या मुलांसाठी मध्ययुगीन युरोपवर टिपण लिहिते आहे. 'एक्सकम्युनिकेशन'साठी (चर्चने एखाद्याला आपल्या मंडळीबाहेर ठेवण्याची शिक्षा) मराठीत धर्मभ्रष्ट, धर्मबाह्य, बहिष्कृत असे सगळेच शब्द वापरलेले दिसतात. नेमका कोणता घ्यावा? आणि हाती फौज असलेले राजे या शिक्षेला एवढे का भीत?

प्रतिसाद : 'धर्मभ्रष्ट' कृपा करून नको. भ्रष्ट माणूस स्वतः होतो, इथे शिक्षा दुसरा कोणी देतो. 'धर्मबाह्य'ही चुकीचाच, कारण चर्चच्या मते एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. राजा ख्रिस्तीच राहतो. फक्त त्याला मिस्सेतला (चर्चमधल्या मुख्य उपासनेतला) प्रसाद नाही, संस्कार नाहीत, आणि इतरांनी त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. पश्चात्ताप करून आला तर परतीची वाट मोकळी. म्हणून मला 'वाळीत टाकणे' सर्वांत जवळचे वाटते. (ऊन लागून वाळण्याशी याचा संबंध नाही, जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे त्यागणे.)

भीतीचे कारण शपथेत आहे. सरदारांची निष्ठा देवासमोर घेतलेल्या शपथेवर टिकलेली असे, आणि त्या शपथेतून मोकळे करण्याचा अधिकार पोप आपला मानत. जर्मनीचा चौथा हेन्री पाहा. बिशप (प्रांताचे मुख्य धर्मगुरू) कोणी नेमायचे, यावरून त्याचे पोप सातव्या ग्रेगरीशी बिनसले. बिशपांकडे मोठमोठ्या जमिनी आणि सैनिक असत, त्यामुळे नेमणुकीचा हक्क सोडणे राजाला परवडणारे नव्हते. जानेवारी १०७६ मध्ये हेन्रीने 'तू पोप नाहीस, खोटा साधू आहेस' अशा शब्दांत ग्रेगरीला पायउतार व्हायला सांगितले. फेब्रुवारीत ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केले आणि प्रजेला शपथेतून सोडवले. आधीच नाराज असलेल्या सरदारांना हे हवेच होते. वर्षाच्या आत माफी मिळव, नाहीतर राज्य गेले समज, असे त्यांनी बजावले. ऐन हिवाळ्यात बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन हेन्री आल्प्स ओलांडून उत्तर इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्यापाशी आला, तिथे ग्रेगरीचा मुक्काम होता. राजचिन्हे उतरवून, लोकरीच्या साध्या वस्त्रात, अनवाणी तो तीन दिवस दाराशी थांबला, तेव्हा कुठे ग्रेगरीने त्याला परत घेतले.

दुसरा प्रतिसाद : परतीच्या वाटेचा मुद्दा पटला, पण 'वाळीत टाकणे' मी टिपणात वापरणार नाही. वाळीत टाकतात ते भाऊबंद, गाव, जातपंचायत. त्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. मुलांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येईल. पोपचा हुकूम लेखी, कारण देऊन, वरून येई. 'बहिष्कृत' म्हणा.

आणि 'पदच्युत' हा शब्द वेगळा ठेवा, कारण या दोन शिक्षा आहेत. कनोसानंतर हेन्रीने आपले राज्य परत मिळाले असे धरले. १०८० मध्ये त्याला पुन्हा बहिष्कृत करताना ग्रेगरीने स्पष्ट सांगितले, की मी त्याला फक्त चर्चमध्ये परत घेतले होते, राज्य दिले नव्हते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर हा सगळा तंटाच मुलांना कळणार नाही.

प्रश्नकर्ती : 'बहिष्कृत' आणि 'पदच्युत' वेगवेगळे ठेवते. कारण दर वेळी नेमणुकांचेच असे का?

प्रतिसाद : नाही. फ्रान्सच्या पहिल्या फिलिपने बायको टाकून दुसऱ्याची बायको आणली, तिला तो सोडेना, म्हणून त्याच्यावर बहिष्कार आला. इंग्लंडच्या जॉनचे भांडण मात्र नेमणुकीचेच. स्टीफन लँग्टनला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, मानायला तो तयार नव्हता. तिथे पोपने आधी १२०८ मध्ये सगळ्या राज्यातली धर्मकृत्ये बंद केली आणि १२०९ मध्ये जॉनला बहिष्कृत केले. पहिल्या शिक्षेला 'बहिष्कार' म्हणू नका. ती प्रदेशावर होती, निरपराध लोकांचे दफनविधीसुद्धा अडले. 'धर्मकृत्यबंदी' म्हटले तर अर्थ लगेच लागेल.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचे प्रकरण. क्रूसेडला (जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला) निघून आजारपणामुळे तो मागे फिरला, म्हणून १२२७ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केले. पुढच्या वर्षी तो बहिष्कृत असतानाच निघाला आणि १२२९ मध्ये लढाई न करता, इजिप्तच्या सुलतानाशी तह करून त्याने जेरुसलेम मिळवले. तरी तिथल्या धर्माध्यक्षाने शहरावरच धर्मकृत्यबंदी घातली.

दुसरा प्रतिसाद : टिपणात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथही घ्या. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने एकाच फर्मानात तिला बहिष्कृत आणि पदच्युत ठरवून प्रजेला शपथेतून मोकळे केले. ती गादीवरच राहिली. भोगले ते इंग्लंडमधल्या कॅथलिकांनी, कारण आता पोपला मानणारा प्रत्येक जण सरकारच्या नजरेत संभाव्य राजद्रोही झाला.